शब्दचर्चा : लोकसहभाग, हागणदारी, शोषखड्डा

मूळ प्रश्न

ग्रामपंचायतीचा पाणी-स्वच्छता आराखडा कसा करायचा, यावर एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. वाचणार सरपंच, सदस्य, आशाताई आणि बचत गटातल्या बायका. तीन शब्दांपाशी अडले आहे.

‘लोकसहभाग’ हा शब्द शासकीय कागदात पानोपानी असतो, पण गावात उच्चारला की पहिला प्रश्न येतो, “माणशी किती?” दुसरा शब्द ‘हागणदारी’. तो छापावा, की ‘उघड्यावर शौच’ लिहावं? आणि गावात फिरून घाणीच्या जागा बघायच्या, त्याला ‘शिवारफेरी’ म्हणणं बरोबर आहे का? गावात काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद

ताई, “माणशी किती?” येणारच. स्वजलधारा आणि जलस्वराज्य या पाणीपुरवठ्याच्या योजनांत गावाने १० टक्के लोकवाटा भरायचा होता. सभा व्हायची ती बहुतेक त्या १० टक्क्यांसाठी. त्याआधी, २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा लोकसहभाग म्हणजे श्रमदान होतं. हातात खराटा, गटारं उपसणं, रस्ते झाडणं. म्हणजे या शब्दाला आधी घामाचा अर्थ चिकटला, मग पैशाचा. आराखडा करताना लोकांना विचारणं हा अर्थ त्यात नीट कधी उतरलाच नाही.

म्हणून माझं मत असं की हा शब्द फोडून लिहा. पैसे हवे असतील तिथे लोकवर्गणी, अंगमेहनत हवी असेल तिथे श्रमदान, मत हवं असेल तिथे सहविचार. ‘सहविचार सभा’ हा शब्द शाळांमुळे गावाला माहीत आहे. आणि शेवटचा शब्द गावाचा असेल तिथे सरळ ‘गाव ठरवेल’ असं लिहा.

प्रतिसाद

विदर्भात हागणदारीला ‘गोदरी’ म्हणतात. आमच्याकडच्या पाट्यांवर ‘गोदरीमुक्त गाव’ असंच लिहिलेलं आहे. पुस्तिका नागपूर-अमरावतीकडे जाणार असेल तर दोन्ही शब्द द्या.

प्रतिसाद

हागणदारी छापाच. हा शब्द क्रियेचा नाही, जागेचा आहे. ‘उघड्यावर शौच’ म्हटलं की कोणीतरी कुठेतरी जातं, एवढंच कळतं. हागणदारी म्हटलं की ठरलेल्या जागा डोळ्यांपुढे येतात. ओढ्याकडची बायकांची, पाणंदीची पुरुषांची, शाळेमागची पोरांची.

विकासकामातले भारतीय सल्लागार कमल कर यांनी बांगलादेशातल्या राजशाही जिल्ह्यात मोसमोइल गावात १९९९-२००० च्या सुमारास जी पद्धत सुरू केली, ती याच जागांपासून सुरू होते. गावकरी मोकळ्या जागेत जमिनीवर गावाचा नकाशा काढतात, जो तो आपल्या घराच्या जागी उभा राहतो आणि आपण परसाकडे जातो तिथे पिवळी भुकटी टाकतो. हळूहळू नकाशाच्या कडा पिवळ्या होतात. पाऊस पडला की हे सगळं कुठे जातं, असं कुणीतरी विचारतं आणि बोटं विहिरीकडे, तळ्याकडे वळतात. मग सगळे मिळून प्रत्यक्ष त्या जागी जाऊन उभे राहतात. संडास बांधा असं बाहेरचा माणूस सांगत नाही, अनुदानाचं आमिषही दाखवत नाही. महाराष्ट्रात ही पद्धत आली तेव्हा रांगोळी, राख, हळद वापरून नकाशे निघाले.

या पद्धतीत रांगडा शब्द मुद्दाम वापरतात. बंगालीत गू म्हणतात, मराठीतही गूच. ‘विष्ठा’ म्हटलं की सभा गप्प बसते, कारण तो शब्द त्यांच्या घरातला नाही.

‘शिवारफेरी’बद्दल : शिवार म्हणजे शेतं. तुम्हाला बघायच्या आहेत त्या जागा वस्तीच्या कडेच्या आणि आतल्या. ‘फेरी’ म्हटलं की शाळेची प्रभातफेरी आणि घोषणा आठवतात. मी ‘गावपाहणी’ लिहीन.

प्रतिसाद

हागणदारी या शब्दाला माझी हरकत नाही. पण त्या शब्दाभोवती जे घडलं ते विसरून पुस्तिका लिहू नका. उघड्यावर जाणाऱ्यांना पकडायला पहाटे टॉर्च आणि शिट्ट्या घेऊन गुड मॉर्निंग पथकं निघायची, कुणाच्या गळ्यात हार घालायची, कुणाचं टमरेल काढून घ्यायची. त्यात सापडायच्या कोण? ज्यांच्या नावावर घराची जागा नाही, ज्यांची घरं अतिक्रमणात धरलेली म्हणून अनुदानाच्या यादीत नाव नाही, अशा घरच्या बायका. गावाने आपण होऊन लाजणं वेगळं आणि गावातल्या गरिबाला लाजवणं वेगळं.

आराखड्यात पहिला प्रश्न हा घाला : बांधायला जागाच नाही अशी किती घरं, आणि ती आज कुठे जातात? त्या घरांतलं माणूस समोर नसेल तर ती सभा पुढे ढकला.

आणि बाया ‘हागणदारीला जाते’ म्हणत नाहीत. ‘परसाकडं’, ‘बाहेर’ म्हणतात. प्रश्न विचारताना तो शब्द वापरा. हागणदारी नकाशावर राहू द्या.

प्रतिसाद

मी बांधकामाच्या बाजूचा. एक शब्द तुमच्या यादीत नाही, पण सगळ्यात जास्त घोटाळा त्याचा आहे. तो म्हणजे शोषखड्डा.

गावात शोषखड्डा म्हटलं की न्हाणीचं, भांड्यांचं सांडपाणी जिरवायचा खड्डा समजतात. नांदेड जिल्ह्यात याच कामाचे खड्डे ‘मॅजिक पिट’ नावाने गाजले. मधोमध भोकं पाडलेलं सिमेंटचं भांडं, भोवती दगडगोटे, आणि गल्लीतली उघडी गटारं बंद. आता संडासाच्या दोन खड्ड्यांनाही कागदावर शोषखड्डेच म्हणतात. लोक गोंधळतात, काही जण न्हाणीचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडतात आणि खड्डा अवेळी तुंबतो. पुस्तिकेत ‘सांडपाण्याचा खड्डा’ आणि ‘संडासाचे दोन खड्डे’ असं वेगवेगळं लिहा.

दोन खड्ड्यांचं तंत्र थोडक्यात सांगतो. विटांची जाळी ठेवून खड्डा बांधायचा, तळाला सिमेंट करायचं नाही. एका वेळी एकच खड्डा चालू, चेंबरमध्ये दुसऱ्याचं तोंड बंद. पहिला भरला की तो झाकून दुसरा सुरू करायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातल्या मैल्याची वास नसलेली, भुसभुशीत माती होते. हेच सोनखत. विहीर जवळ असेल किंवा पावसाळ्यात भूजल वर येत असेल, तर मात्र आधी जाणत्याला विचारा.

तरी लोक मागतात सेप्टिक टाकी, आणि तीही मोठी. का, ते उघड बोलत नाहीत. खड्डा भरल्यावर उपसणार कोण, हा प्रश्न जातीपाशी जाऊन थांबतो. म्हणून वर्षानुवर्षं भरणार नाही अशी टाकी हवी असते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केलं आणि मैल्याचं खत होईल असे संडास उभे केले. ‘गोपुरी संडास’ हे नाव तिथलं. ‘सोनखत’ हा शब्द पुस्तिकेत आणा, आणि खड्डा कोण उपसणार हा प्रश्न बांधकामाआधी सभेत घ्या. तो टाळून केलेल्या आराखड्यातल्या संडासात पुढे सरपण नि गोवऱ्या भरलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

प्रतिसाद

शहराचं थोडं. ‘सार्वजनिक शौचालय’ म्हणजे बाजारात, स्टँडवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. ‘सामुदायिक शौचालय’ म्हणजे वस्तीतल्या ठरावीक घरांसाठी. बोलण्यात दोन्ही ‘पब्लिक संडास’च. पण आराखड्यात फरक ठेवा, कारण देखभाल कोणाची हे त्यावर ठरतं.

पुण्यात १९९९ पासून वस्त्यांमध्ये संस्थांमार्फत सामुदायिक शौचालयं बांधली गेली. त्यांतली काही ‘महिला मिलन’ या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेने आखली. लहान मुलांसाठी लहान मापाची भांडी, दार न लावता, आईला दिसेल अशी. मुलं अंधाऱ्या खोलीला आणि मोठ्या भांड्याला घाबरतात म्हणून बाहेर नाल्यावर बसतात, हे बायकांना माहीत होतं. असं काम झालं की सहभाग म्हणावा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लोकसहभाग फोडून लिहिते आहे. हागणदारी ठेवते, शेजारी गोदरी. गावपाहणी पक्कं. शोषखड्ड्याचं प्रकरण वेगळं करते. आणखी एक : पाळीच्या कपड्यांबद्दल, पॅडबद्दल प्रश्न विचारायचा आहे. मसुद्यात ‘मासिक पाळी व्यवस्थापन’ आहे. बायका हे वाचतील का?

प्रतिसाद

मी आशा आहे. ‘व्यवस्थापन’ काढा, ‘पाळी’ ठेवा. जुन्या बायका ‘अडचण’ म्हणतात, पण तो शब्द छापू नका, पोरींना शाळेत शिकवलंय की ही अडचण नाही. प्रश्न असे विचारा : पाळीचे कपडे कुठे वाळवता? उन्हात वाळवता येतात का? पॅड कुठे टाकता? शाळेच्या संडासात पाणी असतं का, दाराला आतून कडी आहे का? आणि हे मोठ्या ग्रामसभेत नको, तिथे एकही बाई बोलणार नाही. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते, त्यात घ्या. तिथं काय ठरलं ते लिहून मोठ्या सभेत ग्रामसेवकाला वाचायला लावा.