पहाटेचा ‘खाड्’ आवाज आणि निखिलची गाडी (सोसायटी ग्रुप, शनिवार ते सोमवार)

शनिवार

साने काकू (ए-१०१): नमस्कार. आज परत पहाटे पावणेसहाला खालून ‘खाड्’ असा आवाज आला. बाळ दचकून उठलं ते साडेसातपर्यंत झोपलंच नाही. मागच्या महिन्यातही मी लिहिलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही. ज्यांची गाडी आहे त्यांना ठाऊक आहे. 🙏

निखिल (सी-७०४): काकू, माझीच गाडी आहे. खरंच त्रास होतोय तुम्हाला, माफ करा. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की मागून ठोका बसतो. हॉर्न वगैरे मी काही वाजवत नाही.

साने काकू: हॉर्नचं मी बोललेच नाही.

जोशी (बी-२०३): काकू, बाळाला आता गिअर कळायला लागले असतील 😀

साने काकू: जोशी, थट्टा नको. रात्र आम्ही काढतो.

निखिल: मला काळजी वेगळीच आहे. पुढच्या गुरुवारी आई-बाबांना घेऊन गुहागरला निघायचंय, उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने. वर्कशॉपवाल्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, डिफरन्शिअल (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) गेलं, पूर्ण बदला. आकडा ऐकून घरी आलो.

पाटील (ए-५०२): सीव्ही जॉइंट बघ, चाकाला जोर पोचवणारा वाकता सांधा. माझ्या गाडीला सेम कट-कट यायचं, पूर्ण वळण घेतलं की.

देशपांडे (बी-६०१): सर्वांना आठवण: पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करू नये. जानेवारीच्या सभेत ठराव झाला आहे.

निखिल: काका, अजून पान्हाही हातात घेतलेला नाही.

सावंत काका (सी-१०३): पाटील, तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, तुमचा सीव्ही जॉइंट पुढे. निखिलच्या गाडीला गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत प्रोपेलर शाफ्ट आहे, म्हणजे जोर मागे नेणारा लांब फिरता दांडा. बोलेरो, ईको, जुनी इनोव्हा, क्रिस्टा, सगळ्या त्याच जातीच्या. दोन्हींचे आवाज वेगळे. निखिल, नीट सांग. आवाज एकदाच येतो की गाडी चालताना येत राहतो?

निखिल: एकदाच. पहिला किंवा रिव्हर्स टाकून क्लच सोडताना. आणि ट्रॅफिकमध्ये पाय काढून परत ॲक्सिलरेटर दिला की छोटा टक्.

सावंत काका: सरळ रस्त्यावर ‘ऊंऽऽ’ असा सूर?

निखिल: नाही.

सावंत काका: मग डिफरन्शिअल बदलायची घाई करू नकोस. क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलमधले मुख्य दोन गिअर, खराब झालं की गाडी गाऊ लागते, पाय दिला की एक सूर, काढला की दुसरा. तुझ्याकडे नुसता ठोका आहे. याचा अर्थ कुठेतरी प्ले झालाय, म्हणजे सांध्यात फट पडून ढिलाई आलीय. जोर एका दिशेचा दुसऱ्या दिशेला फिरला की ती फट एकदम भरते आणि ठोका बसतो. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये जोर सगळ्यात जास्त, म्हणून तिथेच मोठा वाजतो.

शिंदे (ए-३०४): मुळात गेटवरचा स्पीड ब्रेकर पाडा. सगळ्यांच्या गाड्या त्यानेच खिळखिळ्या झाल्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपला उंचीला तेवढाच, पण रुंदी वीतभर!

कुलकर्णी (सचिव): शिंदे साहेब, तो ब्रेकर आपल्याच सहीच्या अर्जावरून बसवला आहे. नोंद आहे.

शिंदे: मी ब्रेकर मागितला होता, भिंत नाही.

देशपांडे: पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करू नये. जानेवारीच्या सभेचा ठराव.

जोशी: देशपांडे काका, ठराव पाठ झाला आमचा 🙏

सावंत काका: ब्रेकरचा आवाज वेगळा. तिथे धडधड होत असेल तर शॉक ॲब्सॉर्बरचे रबर, लिंकचे बुश किंवा पाट्यांचे यू-बोल्ट बघायचे. आणि निखिल, सगळ्यात आधी स्टेपनी. खाली साखळीला लटकलेली असते, ती सैल झाली तर वर आपटते. जॅकपण काढून ठेव. उद्या सकाळी दोन्हीशिवाय गेटबाहेर एक फेरी मार, मग बघू.

निखिल: नक्की काका.

साने काकू: उद्या रविवार आहे. नऊच्या आधी नको.

रविवार

निखिल: स्टेपनी, जॅक काढून चालवली. ठोका तसाच.

सावंत काका: बरं. खाली येतो. चारही चाकं जमिनीवर, चाकांना पुढे-मागे दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. दापोडीच्या वर्कशॉपात नवीन पोरांना मी पहिलं हेच शिकवायचो.

देशपांडे: हेच ते. ठरावाचा भंग सगळ्यांसमोर चालू आहे. सचिवांनी दखल घ्यावी.

कुलकर्णी (सचिव): ठरावात ‘दुरुस्ती’ शब्द आहे. ते फक्त बघत आहेत.

देशपांडे: मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या स्कूटरच्या वेळी ‘फक्त बघणं’ चाललं नव्हतं, तेव्हा दंड लावला होता. 🙏

शिंदे: हा मुद्दा बरोबर आहे देशपांडेंचा.

निखिल: (फोटो) काकांनी शाफ्ट हाताने पिळून दाखवला. मागच्या टोकाचा क्रॉस (शाफ्ट डिफरन्शिअलला जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) बघा.

पाटील: फोटोत काय बघायचं? मला नुसता गंज दिसतो.

सावंत काका: तोच बघायचा. शाफ्ट थोडासा इकडे-तिकडे फिरतो, तो डिफरन्शिअलच्या दात्यांमधला नेहमीचा प्ले, त्याला घाबरू नका. पण क्रॉसच्या दोन्ही बाजू एकदम हलायला हव्यात. इथे शाफ्टकडची बाजू हलते आणि डिफरन्शिअलकडची जागेवर राहते. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या कडेला जी विटकरी पावडर दिसते, ती आतल्या सुईसारख्या रोलरची झालेली आहे. ग्रीस कधीच संपलंय.

पाटील: मग वर्कशॉपवाल्यांनी डिफरन्शिअल का सांगितलं?

सावंत काका: खाली शिरून शाफ्ट पिळला असता तर सांगितलं नसतं. ठोका मागून येतो, मागे डिफरन्शिअल, झालं निदान. लोकांचे पैसे असे जातात याचा मला फार राग येतो. क्रॉस बदलायला मजुरीसकट काही हजार पुरतात, डिफरन्शिअलचा आकडा निखिलला विचारा.

निखिल: विचारू नका 🙏 काका, हे घेऊन घाटात जाता येईल का?

सावंत काका: नाही. अजिबात नाही. क्रॉस तुटला तर शाफ्ट सुटतो. त्याचं पुढचं टोकही निघून रस्त्यात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते. कुंभार्लीच्या वळणावर, आई-बाबा मागे बसलेले. उद्याच काम कर.

साने काकू: निखिल, असं काही असेल तर आधी गाडी नीट कर रे बाबा. माझी झोप राहू दे.

जोशी: पाण्याचा टँकर आला का? बी विंगला नळ कोरडे आहेत.

कुलकर्णी (सचिव): टँकर दुपारी. कृपया विषय सोडून लिहू नये.

जोशी: विषय पाण्याचाच आहे साहेब, दुसऱ्या ग्रुपवर उत्तर मिळत नाही.

सोमवार

निखिल: गॅरेजमध्ये आहे. शाफ्ट काढण्याआधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लॅन्जवर) पांढऱ्या रंगाची खूण मारून घेतली, काका म्हणाले तशी.

सावंत काका: शाब्बास. तशीच खूण जुळवून बसवायला सांग, नाहीतर शाफ्टचा बॅलन्स बिघडून हायवेला गाडी थरथरेल. पुढचा क्रॉस पण हाताने फिरवून बघ, कुठे अडखळतो का. शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग आणि त्याचं रबर बघ. शाफ्ट मागे-पुढे सरकतो त्या स्लिप जॉइंटला ग्रीस मारून घे. तो कोरडा असला तर सिग्नलला गाडी थांबल्यावर क्षणभराने टक् करतो आणि लोक परत क्रॉसवरच संशय घेतात.

निखिल: (फोटो) जुना क्रॉस. दांड्यावर रेघा उमटल्यात, नख फिरवलं की एकेक लागते.

सावंत काका: प्रत्येक रेघ म्हणजे एकेका रोलरने खाल्लेली जागा. नवीन घेताना ग्रीस निपलवाला मिळाला तर तोच घे, म्हणजे सर्व्हिसिंगला पंप मारता येईल. डिफरन्शिअलचं तेलपण बघून घे. कमी असेल तर जीएल-५, ८०डब्ल्यू-९० या ग्रेडचं घाल, आणि गाडीच्या पुस्तकात तेच लिहिलंय ना ते आधी वाच.

निखिल: पुस्तकात तेच आहे. तेल काळं होतं, बदलतोय. पुढचा क्रॉस मोकळा फिरतो. संध्याकाळी घरी.

पाटील: सावंत काका, माझ्या गाडीचं पण एकदा ऐकाल का? थंड असताना पुढून कुईं करते.

सावंत काका: बुधवारी या. गाडी थंडच ठेवा, माझ्यासमोर चालू करा, बॉनेट उघडू नका.

देशपांडे: गेटच्या बाहेर. पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करू नये, जानेवारीच्या सभेचा ठराव.

सावंत काका: देशपांडे, गेटच्या बाहेरच ऐकतो. आणि तुमच्या मुलाच्या स्कूटरचा दंड मलाही पटला नव्हता, सभेत हात वर केला होता मी विरोधात. इतिवृत्तात बघा.

देशपांडे: माहीत आहे. एकट्या तुम्हीच केला होता.

निखिल: आलो घरी. रिव्हर्स टाकला, पहिला टाकला, चढावर पाय काढून परत दिला. कुठेच ठोका नाही. काका, गुहागरहून काय आणू?

सावंत काका: काही नको. तिकडून परतलास की शाफ्टचे बोल्ट एकदा पान्ह्याने तपासून घे, नवीन काम बसल्यावर सैल होऊ शकतात.

शिंदे: आणि त्या ब्रेकरचं काय?

कुलकर्णी (सचिव): पुढच्या सभेत. विषयपत्रिकेसाठी लेखी अर्ज द्यावा.