निर्दोष ठरले म्हणजे ६ लाख पौंड खात्यात जमा?

ब्रिटिश पोस्टाच्या होरायझन या सदोष संगणकीय हिशेब-प्रणालीमुळे अनेक पोस्टमास्तरांना चुकीच्या शिक्षा झाल्या होत्या. '२०२४च्या कायद्याने सगळे सुटले, प्रत्येकाला ६ लाख पौंड मिळाले' असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. या कायद्याने शिक्षा आपोआप रद्द झाल्या खऱ्या, पण ज्यांचं अपील अपील न्यायालयाने आधीच फेटाळलं होतं ते त्यातून वगळले गेले. (हे मला सर्वांत खटकतं.) पैशांसाठी अर्ज वेगळा करावा लागतो. पात्र ठरल्यावर आधी २ लाख मिळतात, मग एकूण ६ लाखांवर तडजोड करायची की नुकसानीचं पूर्ण मूल्यांकन मागायचं, हे ठरवायचं. घर, धंदा, निवृत्तिवेतन गेलेल्यांनी वकिलाकडून हिशेब करून घेतल्याशिवाय सही करू नये. पोस्टावर दावा लावलेल्या ५५५ जणांना २०१९च्या तडजोडीत ५.७७५ कोटी पौंड मिळाले, त्यातला मोठा वाटा खटल्याच्या खर्चातच गेला!