'धाडस' या थीमवर गोष्ट, आणि वहीत एकच ओळ

ए-१०४ : कोणीतरी मदत करा प्लीज, सातवीतल्या मुलाला 'धाडस' या थीमवर छोटी गोष्ट लिहायचीय, सोमवारी द्यायचीय आणि कालपासून एकच ओळ झालीय, 'एक खूप धाडसी मुलगा होता'. पुढं काही सुचतच नाही म्हणतो

सी-२०१ : आमच्याकडे पण तेच. मीच सांगितलं बुडणाऱ्याला वाचवलं असं लिही, तिने लिहिलं पण, पण त्यात तिचं असं काहीच नाही

बी-३०२ : अगं होणारच तसं. मी सहावी ते आठवीला मराठी शिकवायचे, सुरुवातीला मीही फळ्यावर नुसता शब्द लिहून द्यायचे आणि सगळ्या वह्यांत तीच गोष्ट यायची. शब्दावर निबंध होतो गं, गोष्ट व्हायला प्रश्न लागतो. म्हणजे बघ, जिवलग मित्राने कॉपी केली आणि बाईंनी तुलाच विचारलं, तर? याचं उत्तर मोठ्यांनाही पटकन देता येत नाही, म्हणून तर मुलं लिहायला बसतात

ए-१०४ : पण काकू मग धाडस कुठे आलं त्यात?

बी-३०२ : तो शब्द गोष्टीत एकदाही येऊ द्यायचा नाही, वाचणाऱ्याला आपोआप कळला पाहिजे. आधी त्याला तोंडी सांगू दे, पोराला काय हवंय, कशामुळे अडलंय आणि शेवटी तो स्वतः काय करतो. हवं तर फोनवर रेकॉर्ड कर, या वयात बोलताना भरभरून सांगतात आणि पेन हातात आलं की गप्प होतात. पात्रं दोन, फार तर तीन, जागा एकच, आणि जन्मापासून सुरुवात नको, जिथे पेच पडतो त्याच्या जरा आधीपासून. आणि 'मग त्याला जाग आली, ते स्वप्न होतं' हे मात्र चालवून घेऊ नकोस

सी-२०१ : आणि शुद्धलेखन? आमची दर ओळीला खोडत बसते

बी-३०२ : पहिल्या खर्ड्याला लाल पेन लावायचंच नाही, ऱ्हस्वदीर्घ सगळ्यात शेवटी. आधी मोठ्याने वाचायला लाव, जीभ अडखळली की वाक्य कुठे बिघडलंय ते तिचं तिलाच कळेल. आणि भावनेचं नुसतं नाव लिहिलं असेल तिथे थांबव. एका मुलाने लिहिलं होतं 'तो खूप घाबरला'. मी विचारलं, तेव्हा त्याचे हात काय करत होते रे? बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि मग लिहिलं, 'त्याने बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली.' इतकी वर्षं झाली, अजून लक्षात आहे माझ्या

सी-२०१ : 👌👌 उद्या बुडणारा बाजूला ठेवते आणि तिलाच विचारते, तुला कशाची भीती वाटते

ए-१०४ : काकू झाली!! दीड पान. त्याने स्वतःच प्रश्न काढला, खेळताना शेजाऱ्यांची काच फुटते आणि सगळे मिळून लहान भावाचं नाव सांगतात. शेवटी हा एकटाच जाऊन बेल वाजवतो, आतून पावलं ऐकू येतात, बस, तिथेच संपवलीय. मी म्हटलं पुढं काय बोलला ते तरी लिही, खाली तात्पर्य लिही, तर नको म्हणतो

बी-३०२ : नकोच. अजिबात हात लावू नकोस. फक्त पावलं ऐकू आली तेव्हा लहान भाऊ कुठे उभा होता, एवढं विचार त्याला