कुष्ठरुग्णांना मिशनने स्वीकारले, की आपल्या नजरेआड ठेवले?

मृद्गंध:
गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने लिहिले, "महारोग्याला हिंदूंनी हाकलले आणि ख्रिस्त्यांनी कवटाळले, विषय संपला." विषय इतका सहज संपत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केल्याचा प्रसंग बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. नुसत्या शब्दाने काम झाले असते, तरी त्याने हात पुढे केला, हे मला ख्रिस्ती नसतानाही मोठे वाटते. परंतु त्या स्पर्शाचा वारसा सांगणाऱ्यांनी हिंदुस्थानात काय उभारले, तेही पाहावे. ख्रिस्ती मिशनरी वेल्सली बेली यांनी कुष्ठरुग्णांसाठी 1874 मध्ये सुरू केलेल्या मिशनच्या आश्रयस्थानांत स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवले जात आणि रोग्यांच्या निरोगी मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या वसतिगृहांत वाढवले जाई. अन्न मिळाले, मलमपट्टी झाली, डोक्यावर छप्पर आले, हे सारे मान्य. पण गावालाही तेच हवे होते, कारण रोगी वेशीबाहेर गेला आणि त्याला दुसरेच कोणी सांभाळू लागले. निराधार रोग्यांना कोंडून ठेवण्याचा 1898 चा कायदाही याच विचारातून आला आणि तो रद्द व्हायला 2016 साल उजाडले. सेवेला माझा नमस्कार आहे, पण तिला स्वीकार म्हणायला मी तयार नाही.

परतवाडेकर:
हातात औषधाची पाकिटे असलेल्या काळात बसून आपण औषध नसलेल्या काळाचा न्याय करत आहात. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांना या रोगाचा जंतू दिसला 1873 मध्ये, गुणकारी गोळ्या आल्या 1940 नंतर आणि आजचे बहुऔषधी उपचार सुरू झाले 1980 च्या दशकात. जंतू आणि गोळ्या यांच्या मधल्या सत्तर वर्षांत तान्ह्या मुलाला रोगापासून वाचवण्याचा दुसरा कोणता उपाय आपण सुचवला असता, ते सांगावे.

माझी आजी एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती. सकाळी ओळीने पत्र्याची घमेली मांडली जात आणि रोगी त्यात पाय बुडवून बसत. कातडी मऊ झाली की आजी एकेकाचा तळवा मांडीवर घेऊन घट्टे खरवडायची, भेगांत तेल चोळायची आणि खिळा किंवा काटा रुतला आहे का ते बोटाने चाचपून पाहायची, कारण पाय बधिर असल्याने त्या माणसाला स्वतःला ते कळतच नसे. आजी ख्रिस्ती नव्हती. तिला हे काम ज्या मडमेने शिवशिव न मानता शिकवले, ती ख्रिस्ती होती. असा तळवा मांडीवर घेणे म्हणजे नुसती सेवा आणि स्वीकार काहीतरी वेगळा, हा भेद खुर्चीत बसलेल्यालाच सुचू शकतो.

मृद्गंध:
खुर्चीचा टोमणा पोहोचला. आपल्या आजींबद्दल मी एक अक्षरही लिहिलेले नाही. मी संस्थेबद्दल बोलते आहे आणि आपण व्यक्ती पुढे करत आहात.

जुना वकील:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 1955 पासून होते. ख्रिस्त्यांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात मात्र ते मुळात नव्हते, 2001 च्या दुरुस्तीने घातले गेले. म्हणजे रोग पूर्ण बरा करणारी औषधे गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोहोचल्यानंतर! 2019 मध्ये हे कारण सर्वच कायद्यांतून एकदम काढले गेले, तोवर करुणेचा वारसा सांगणारा समाज या कलमासह सुखाने नांदला.

परतवाडेकर:
वकीलसाहेब, कायदा संसद करते, चर्च करत नाही. कॅथलिक चर्च तर घटस्फोटच मानत नाही, मग ते कलम त्यांच्या माथी मारणे हा कोणता न्याय?

जुना वकील:
चर्चने कलम लिहिले असे मी म्हटलेलेच नाही. 2001 ची दुरुस्ती ख्रिस्ती स्त्रियांना समान हक्क मिळावेत म्हणून झाली आणि ती आवश्यकच होती. त्या आनंदात हे कलम मागच्या दाराने आत आले, याचे दुःख किती जणांना झाले, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि निव्वळ ख्रिस्त्यांना तरी का बोलावे? ओडिशातील नगरपालिका कायद्याने कुष्ठरुग्णाला निवडणूक लढवण्यास केलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये उचलून धरली होती. तेव्हा ना मंदिर बोलले, ना मशीद, ना आपण.

माझ्याकडे एक बाई येत असत. नवऱ्याने कुष्ठरोगाच्याच कारणावरून घटस्फोटाचा दावा लावला होता. उपचार पूर्ण झालेले, चट्टा पुसट झालेला, केवळ डाव्या हाताची करंगळी किंचित वाकडी राहिलेली. नवऱ्याच्या वकिलाने भर न्यायालयात त्यांना हात वर करून दाखवायला लावला. दावा पुढे फेटाळला गेला, पण त्या सासरी परतल्या नाहीत. कोणत्या धर्माच्या होत्या, ते मुद्दामच सांगत नाही, कारण सांगितले तर पुढचे वीस प्रतिसाद त्यावरच येतील.

तिसरा मजला:
या सगळ्यात बाबा आमटे कुठे आहेत? कुष्ठरुग्णांची सेवा वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 पासून केली, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन यांनी, आनंदवनात आमटे यांनी; या तिघांना स्पर्श करायला मार्काचा अध्याय लागला नव्हता. आमच्या माणसांचे नाव घ्यायचे झाले की सर्वांची लेखणी वाळते.

मृद्गंध:
घ्या, घेतले नाव. पण त्यांनीही वसाहतीच वसवल्या, तेव्हा माझा आक्षेप त्यांनाही तितकाच लागू होतो. आनंदवनाची भांडीकुंडी आणि सतरंज्या आपण कौतुकाने विकत घेतो, पण तिथल्या बरे झालेल्या माणसाला आपल्या इमारतीत खोली भाड्याने देतो का?

फिलिप, नगर:
मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाण्याची तयारी ठेवूनच लिहितो. माझे मामा पूर्ण बरे झाले होते. उपचार संपल्याचा दाखला खिशात ठेवून ते उपासनेला येत. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या विधीचा, एकच प्याला फिरे आणि कोणी उघड काही न बोलताही तो मामांकडे सर्वांत शेवटी येई. पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, हे दिसत होते. मिशनच्या दवाखान्याला दरवर्षी वर्गणी देणारीच ही मंडळी होती. तेव्हा मृद्गंधताईंचा निम्मा मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो.

उरलेला निम्मा मान्य नाही, कारण त्यांनी मार्काचा प्रसंग अर्ध्यावर सोडला. पंचेचाळिसावे वचन वाचा. बरा झालेला माणूस ती गोष्ट सगळीकडे सांगत सुटला आणि येशूला मात्र उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. आत-बाहेरची अदलाबदल झाली. कॅथलिक धर्मगुरू फादर डेमियन 1873 मध्ये हवाईतील मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेले, तेथेच त्यांना हा रोग झाला आणि 1889 मध्ये ते वारले. रोग्यांना तेथे धाडणारा कायदा सरकारचा होता, भिंत डेमियन यांनी घातली नव्हती. भिंत पाडता येत नसेल तर तिच्या आत राहायला जाणे, यालाही आपण स्वीकार म्हणणार नसाल, तर माझ्यापाशी दुसरा शब्द नाही.

मृद्गंध:
डेमियन यांच्यापुरता स्वीकार म्हणते. परतवाडेकरांच्या आजींपुरताही म्हणते, म्हणजे त्यांचा राग उतरेल. पण असे लोक बोटांवर मोजण्याइतके आणि त्यांच्या नावावर पुण्य मिरवणारे लाखो, हे गणित मला पटत नाही. मामांकडे प्याला शेवटी नेणाऱ्यांनीही डेमियन यांची गोष्ट रविवारच्या शाळेत मुलांना सांगितलीच असेल.

परतवाडेकर:
राग उतरलेला नाही. देशात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि त्यांतले कित्येक जण चट्टा लपवून उशिरा येतात, तो घरच्यांच्या भीतीने, मिशनच्या नव्हे. आणि आजी शेवटपर्यंत त्या दवाखान्यातच राहिली, कारण तेथील नोकरीमुळे माहेरच्यांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणे बंद केले होते. ही मंडळी ख्रिस्ती नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

जुना वकील:
माहेरच्यांवर कलम लागत नाही. बाकी चालू द्या.