भरीत सेंटर : ‘वांगंच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

काडीजाळ
काल इथे फोरमवर एका पुणेकरांनी लिहिलं: “जळगावला भरीत सेंटरवर गेलो. मेनूत एकच पदार्थ, भाव किलोवर, तोही तेलासकट. वांगंच तर आहे, घरी गॅसवर दहा मिनिटांत होतं.”

दहा मिनिटांत होतं ते नुसतं वरचं साल, साहेब. भरताचं वांगं अर्धा किलोच्या आसपास भरतं. बर्नरवर ज्योत एका जागी लागते. तिथे कोळसा होतो आणि देठाजवळचा गर चिवट राहतो. सेंटरवाले कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करतात, तो वांग्याला चहूबाजूंनी लागतो. आधी दोन-तीन ठिकाणी टोचायचं, नाहीतर फुटून गर राखेत. देठाशी बोट सहज रुतलं की उतरवायचं. साल गरम असतानाच सोलायचं, आणि सोललेलं वांगं पाण्याखाली धरायचं नाही, धुराचा वास तिथेच जातो. मग पाणी निथळवून बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायचं. किलोभर वांग्यातून हाती सहा-सातशे ग्रॅम गर लागतो. आता लावा भाव.

तापीकाठ
काड्यांचं कौतुक पुरे. हीच सेंटरं मे महिन्यातही भरीत विकतात त्याचं काय? तेव्हाचं वांगं बियांनी गच्च, ते ठेचलं की कडवट. कडवटपणा झाकायला मिरची आणि तेल दुप्पट. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून उन्हाळ्यातलं वांगं गोड होत नाही. चंपाषष्ठी ते माघ, बास.
आणि ही सेंटरं भरतासोबत पुरी वाढतात, ते कोणी शिकवलं? भरताबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

काडीजाळ
मे महिन्याचं मान्य. पुरीचं नाही. भाकरी एकेक थापायची, ती तव्यावरून ताटात गेली तर खरी. पाच मिनिटांत वातड. पन्नास माणसं बसल्यावर तव्यापाशी कोण उभं राहणार, तुम्ही?

कळणा_चारास_एक
भाकरी वातड होते ती कळणा चुकल्यामुळे. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद, खडेमीठ दळतानाच. दळण जरा भरड.

रावेरी
चारास एक? कडा फाटतात तुमच्या भाकरीच्या. आमच्याकडे तीनास एक.

कळणा_चारास_एक
तीनास एक करा आणि थापून दाखवा. उडदाने पीठ हाताला ओढतं, भाकरी जाड राहते, मधे कच्ची. कडा फाटतात त्या पिठाची विरी (चिकटपणा) गेल्यामुळे. महिन्याचं जुनं पीठ डब्यात ठेवायचं आणि दोष प्रमाणाला द्यायचा!

रावेरी
पीठ ताजंच असतं, काळजी नसावी. पाणी कढत घ्या आणि परातीत चांगलं मळा, मग तीनास एकही पातळ थापते. न मळता थापणाऱ्यांनी प्रमाण शिकवू नये.

धुळेकर
हाऊ धागा भरीतना शे का भाकरना?
दोघं भांडा, पण कांद्याच्या पातीबद्दल कोणीच बोलेना. काही सेंटरांत पात फोडणीतच परततात, ती पाणी सोडते आणि भरताचा लगदा होतो. फोडणीत हिरवी मिरची, ठेचलेला लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. पात आणि कोथिंबीर कच्चीच, शेवटी. पार्सल असेल तर पात वेगळी बांधून मागा. मिसळून नेलेलं भरीत संध्याकाळपर्यंत आंबूस लागतं.

तापीकाठ
पार्सलचं बरोबर आहे. बाकी मिक्सर लावणाऱ्या सेंटरबद्दल कोणी बोलणार का? भरताला रेषा दिसल्या पाहिजेत. पेस्ट आली की ताट परत पाठवा.

काडीजाळ
त्या पुणेकरांचं एक ऐकतो: किलोचा भाव सांगताना तेलासकट वजन धरतात, हे चूक आहे. तळाशी बोटभर तेल साचतं, त्याचे पैसे वांग्याच्या भावाने का द्यायचे? चमच्याने दाबून निथळवायला लावा, मग काटा.
पुरीबद्दल मात्र माघार नाही.

कळणा_चारास_एक
पुरी खा. चारास एक ते चारास एकच.