शब्दचर्चा : नॅनोकण ‘विरघळतात’ की ‘विखुरतात’?

प्रश्न (रबाळे, नवी मुंबई) : आमच्या प्रयोगशाळेत धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण तपासले जातात आणि तंत्रज्ञांसाठी कार्यपद्धतीची मराठी पुस्तिका तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. झिंक ऑक्साइडचे कण पाण्यात घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवणे आणि तेच कण हायड्रोक्लोरिक आम्लात टाकणे, या दोन्ही क्रियांना बोलताना सगळे ‘विरघळवणे’ असेच म्हणतात. पुस्तिकेत हा एकच शब्द ठेवला तर चालेल का? ‘द्रावण’ आणि ‘कलिल’ यांपैकी कोणता शब्द कुठे योजावा, हेही कृपया सांगावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे) : चालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्ट्रासोनिक बाथमध्ये कणांचे पुंजके फुटतात आणि कण पाण्यात सर्वत्र पसरतात. पण बहुतेक सगळे कण कणच राहतात, म्हणून तेथे ‘विखुरणे’ हे क्रियापद आणि ‘कलिल’ हे नाम योग्य ठरते. आम्लात मात्र कणच नाहीसा होतो आणि झिंकचे आयन द्रवात उतरतात, तेव्हा ‘विरघळणे’ आणि ‘द्रावण’ हे शब्द शोभतात. (विश्वकोशात ‘द्रावण’साठी ‘विद्राव’ असा शब्द आढळतो, पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्या तंत्रज्ञांना ‘द्रावण’च जवळचे वाटेल.)

हा भेद केवळ शब्दांचा नाही. द्रव नितळ दिसला की काम झाले, असे आपण धरून चालतो; परंतु ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीची छिद्रे म्हणजे २२० नॅनोमीटर, आणि ५० नॅनोमीटरचा कण त्यांतून सहज पार होतो. गाळलेल्या द्रवातून लेझरचा किरण सोडल्यावर आडवी उजळ रेघ दिसली, तर आत कण शिल्लक आहेत असे समजावे. कण फारच बारीक असले तर ती रेघही फिकट होते आणि तेव्हा अधिक सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळणे किंवा अतिवेगवान सेंट्रिफ्यूज, हेच उपाय उरतात. कण शिल्लक असलेला नमुना धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी यंत्राला दिला, तर वाट पाहणाऱ्या नळीत कण तळाशी बसतात आणि धातूचे प्रमाण खरे असते त्याहून कमी निघते. तंत्रज्ञाने पुस्तिकेत ‘विरघळले’ असे वाचले असेल, तर तो ही तपासणी करणारच नाही.

पूरक मत (वाशी) : वरील मताशी मी सहमत आहे, पण एक शंका आहे. साखर पाण्यात विरघळते आणि पाणी आटवले की साखरच परत मिळते. झिंक ऑक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लात गेल्यावर द्रव आटवला तर हाती झिंक क्लोराइड येते, ऑक्साइड नव्हे. मग यालाही ‘विरघळणे’ म्हणणे कितपत बरोबर आहे?

उत्तर (नौपाडा, ठाणे) : शंका रास्त आहे. काटेकोर बोलायचे तर ही रासायनिक अभिक्रिया आहे; तरीही ‘धातू आम्लात विरघळतो’ हा प्रयोग मराठीत पूर्ण रुळलेला असल्यामुळे तो मोडण्याचे कारण नाही. मात्र पुस्तिकेत आम्लाचे नाव आणि त्याची तीव्रता यांवाचून हे क्रियापद एकटे लिहू नये, कारण प्रत्येक ऑक्साइडचा स्वभाव निराळा असतो. झिंक ऑक्साइड उभयधर्मी आहे, त्यामुळे ते विरल आम्लात विरघळते आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणातही विरघळते. टायटॅनियम डायऑक्साइडला विरल आम्ल काहीच करत नाही. ते संहत (तीव्र) सल्फ्युरिक आम्ल आणि अमोनियम सल्फेट यांच्यासोबत, पांढरा धूर येईपर्यंत तापवावे लागते. सिरियम ऑक्साइडही हट्टी आहे. नायट्रिक आम्लासोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर ते बरेच नमते.

येथे मराठीची एक सोय मनापासून वापरावीशी वाटते : झिंक ऑक्साइड ‘विरघळते’, टायटॅनियम डायऑक्साइड ‘विरघळवावे लागते’. नमुना आम्लात तापवून विरघळवण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘डायजेशन’ म्हणतात; त्यासाठी ‘पचन’ लिहिण्यापेक्षा हे प्रयोजक क्रियापद मला अधिक नेमके वाटते.

प्रश्नकर्ता (रबाळे) : आभारी आहे. जंतुनाशक चाचणीच्या प्रकरणातही हा भेद लागेल, कारण झिंक ऑक्साइडचे कण नुसत्या पाण्यातही थोडे आयन सोडतात आणि जंतूंवरचा परिणाम आयनांचा की कणांचा, हे वेगळे नोंदवावे लागते. तेथे ‘पाण्यात विखुरलेले कण’ आणि ‘विरघळलेले झिंक’ असे दोन स्वतंत्र रकाने मी करीत आहे.