नोटरीवर फौजदारी खटला: नोटरी कायद्याचे कलम १३ हवे की नको?

पणजीचा वकील (मूळ पोस्ट): उठसूट ‘नोटरीला आत टाका’ अशी ओरड चालते. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहतो, मजकुराचा खरेखोटेपणा नव्हे. चुकला तर नोटरी नियमांतल्या नियम १३ खाली चौकशी होते, नोंदणी जाते. तेवढी शिक्षा पुरेशी आहे.

डिचोलीची लेक: पुरेशी? वकीलसाहेब, माझे काका वारल्यानंतरच्या तारखेचे मुखत्यारपत्र त्यांच्याच सहीचे म्हणून निघाले. ‘माझ्यासमक्ष सही केली’ असा शेरा, गोल शिक्का, लाल सील, सगळे जागच्या जागी. नोटरीची नोंदवही मागितली. त्या ओळीत नाव होते, तारीख होती, फीसुद्धा होती. पक्षकाराच्या सहीचा रकाना कोरा. मग ओळख पाहिली कुणाची? असे मुखत्यारपत्र न्यायालय आधी खरे धरते, खोटे ठरवण्याचे ओझे आमच्या डोक्यावर. पोलिसांकडे गेलो तर कलम १३ पुढे केले: सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार नसेल तर न्यायालय दखल घेत नाही. तोतया नोटरीला कलम १२ खाली वर्षभरापर्यंत कैद, तीही थेट. खऱ्या नोटरीने खोटे केले तर त्याला कवच!

सत्तरीकर: नोटरी हे शेवटचे टोक. मूळ दुखणे जमिनीचे. गोव्यात २०२२ मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी एसआयटी, म्हणजे पोलिसांचे विशेष तपास पथक, कशासाठी नेमली? त्याच चौकशीसाठी नेमलेल्या जाधव आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये आला, पुढे काय? मोठे मासे बाहेर, एक-चौदाच्या जमीन उताऱ्यावर भलतीच नावे.

म्हापशेकर: लोक दोन नोटरींची गल्लत करतात. आपल्या गोव्यात वारसाखत, म्हणजे मयताचे वारस कोण हे सांगणारा दस्त, कोर्टाबाहेर बसणारा नोटरी करत नाही, सरकारी खास नोटरी करतो. त्याचा २०१२ चा वारसा कायदा, लागू झाला २०१६ ला. तिथेही साक्षीदार सांगतील तेच वारस. माझ्या मावशीचे नाव असेच गळले. वर्तमानपत्रात जाहिरात आली म्हणे. इंग्लंडात स्विंडनला राहणारी बाई ती कुठे वाचणार?

सत्तरीकर: पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलात, घराला कुलूप, भाटात, म्हणजे बागायतीत, रान माजलेले. मुंडकाराने, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याने, राखले म्हणून ते उरले. आता हक्क आठवला?

म्हापशेकर: तोंड सांभाळून बोला. पोटासाठी गेली ती. कुलूप लावले म्हणजे घर बेवारशी झाले का? मुंडकाराचा हक्क मुंडकार कायद्यात आहे, खोट्या वारसाखतात नाही.

डिचोलीची लेक: तुमचे भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. वकीलसाहेब, कोऱ्या रकान्याचे उत्तर द्या.

पणजीचा वकील: कोऱ्या रकान्याचे समर्थन मी करणार नाही. मेलेल्या माणसाची सही जाणूनबुजून साक्षांकित केली असेल, तर ती चूक नव्हे, बनावट दस्ताला साथ आहे. अशा दस्ताला भारतीय न्याय संहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एवढे मान्य. पण कलम १३ काढले तर वाटणीत हरलेला प्रत्येक भाऊ नोटरीला आरोपी करील. मी अशी प्रकरणे रोज पाहतो. प्रामाणिक नोटरी शिक्काच खाली ठेवील.

डिचोलीची लेक: मग कलम ठेवा, पण त्या अधिकाऱ्याला मुदत घाला. तक्रार करायची की नाही, ते ठरलेल्या दिवसांत लेखी कळवा, नकार असेल तर कारणासह. आमचा अर्ज अजून पडून आहे, आणि तोच शिक्का आजही कोर्टाच्या दारात चालतो आहे.

पणजीचा वकील: मुदतीला माझी हरकत नाही. कारणे देण्यालाही नाही. कलम मात्र राहिलेच पाहिजे.